पाणंदीतल्या चार सऱ्या

२००५ सालच्या जुलैअखेरीला पंचगंगा आणि दूधगंगा एकदमच फुगल्या. मोठे रस्ते पाण्याखाली गेले आणि कागलच्या पुढं सीमेकडं असलेल्या आमच्या पाणंदीत परक्या मोटारी दिसू लागल्या. या पाणंदीनं गेलं की पाण्यात न शिरता निपाणीचा रस्ता गाठता येतो, असं कुणीतरी कुणाला सांगितलं होतं. सांगणाऱ्यानं पाणंद वीस वर्षांपूर्वी पाहिली असणार. तेव्हा तिच्यातून दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. आता एकच जायची, तीही दोन्हीकडच्या उसाचा पाला अंगावर घेत.

पाणंद काही आपोआप आटत नाही. दोन्ही बाजूंचे शेतकरी दर नांगरटीला नांगराचं एक तास जरा बाहेरून घेतात आणि बांध वीतभर सरकतो. कुणी बोललंच तर म्हणायचं, समोरच्यानं किती खाल्लंय ते आधी बघा. मल्लाप्पाच्या मळ्यापाशी ती सगळ्यात जास्त आवळली होती. पंधरा-वीस वर्षांत त्यानं तिच्यात उसाच्या चार सऱ्या घातल्या होत्या. त्याची स्वतःची अशी जमीन सव्वा एकर. सव्वा एकरवाल्याला चार सऱ्या म्हणजे काय, ते दहा एकरवाल्याला कळायचं नाही, असं तो मनाशी म्हणायचा.

चौऱ्याण्णव साली समोरच्या रानाच्या केरबानं गावात तक्रार केली. तेव्हा मल्लाप्पानं बसवण्णाच्या देवळात, पंचांसमोर, नंदीच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "माझा बांध हाय तितंच हाय." पंचांनी ऐकून घेतलं. केरबाही पुढं बोलला नाही, कारण त्याच्याही दोन सऱ्या आत होत्या.

यात एक गोम होती. जुन्या लोकांनी गाडीवाट म्हणून दगड-मुरूम ठोकून बसवलेली पट्टी नेमकी मल्लाप्पाच्या सऱ्यांखाली गेली होती. नांगराचा फाळ तिथं खणखणायचा आणि त्या चार सऱ्यांतला ऊस कायम खुजा राहायचा. वाट म्हणून उघडी उरली ती केरबाच्या कडेची काळी, लोण्यासारखी माती आणि तिला लागून चर. पावसाळ्यात त्या मातीत शेळीचा पायसुद्धा रुतायचा.

माझं रान त्याच पाणंदीच्या टोकाला आहे. पुढचं मी थोडं डोळ्यांनी पाहिलं, थोडं केरबाकडून ऐकलं आणि घरातलं रत्नव्वानं, म्हणजे मल्लाप्पाच्या बायकोनं, माझ्या बायकोला सांगितलं.

पावसाला चार दिवस खळ नव्हता. दुपारी मल्लाप्पा सोप्यात बसून घायपाताचा कासरा वळत होता. मळ्यातल्या त्या घरात नवरा-बायको दोघंच. मुलगा बसवेश नोकरीसाठी कसबा बावड्यात राहायचा. तेवढ्यात इंजिन ओरडल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"गाडी रुतली वाटतं," रत्नव्वा चुलीपासून म्हणाली.

"रुतंना. कुणी बोलवलंय?"

"मगा एक हुती. आता दोन आवाज येत्यात."

मल्लाप्पा कासरा वळत राहिला. आमच्याकडं चिखलात कुणाची गाडी बसली तर सांगावं लागत नाही, माणूस बैलं घेऊन जातो. मल्लाप्पानंही आजवर उसाच्या, शेणखताच्या गाड्या, एकदा तर वरातीचीही गाडी ओढून दिली होती. पण आज नुसत्या आवाजावरून त्याला कळलं होतं की गाडी कुठं रुतली आहे आणि का.

जरा वेळानं एक तिशीतला माणूस दारात आला. गुडघ्यापर्यंत चिखल, चप्पल एकाच पायात.

"अण्णा, मी जोतीराम. इचलकरंजीस्नं आलोय, मागावर कामाला असतो. गल्लीत पाणी शिरलं म्हणून बायकोला तिच्या म्हायेरी न्हेतोय, निपाणीच्या पल्याड. ट्रॅक्स गाडी मालकाची, मागून आणलीया. ती चरात कलंडली. मागं आमच्याच गल्लीतल्यांचा टेंपो हाय, तोबी बसलाय. तुमची बैलं जुपली तर लई बरं हुईल."

मल्लाप्पाच्या तोंडून निघून गेलं, "हौश्याचा खांदा सुजलाय, पावणं. जू ठेवता याचं न्हाय."

हौश्या समोर दावणीलाच उभा होता. खांदा तुळतुळीत. जोतीरामनं बैलाकडं पाहिलं, मग मल्लाप्पाकडं, आणि मग खाली आपल्या पायांकडं. खोटं पकडलेला माणूस भांडला तर बरं वाटतं, निदान उलटं बोलता येतं. हा नुसता खाली बघत राहिला आणि मल्लाप्पाचे कान तापले.

"बरं," जोतीराम म्हणाला. "मग फावडं तरी द्या की."

मल्लाप्पा उठला आणि दांडा हलणारं जुनं फावडं त्याला दिलं. नवं आत होतं.

"गाडीत बायकू हाय म्हणालास," रत्नव्वा बाहेर आली. "दुखणाईत हाय का काय?"

"न्हाय मावशी. बाळंतीण हाय. आज बारावा दिस."

"अय्यो शिवा," म्हणत रत्नव्वानं पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, खुंटीचं घोंगडं काढलं आणि ती त्याच्या पुढं चालू लागली. नवऱ्याला तिनं विचारलं नाही.

थोड्या वेळानं ती बाळंतिणीला घेऊन आली. संयोगिता तिचं नाव. काडीसारखी पोरगी, ओठ निळे पडलेले, घोंगड्याच्या आत बाळ. रत्नव्वानं तिला आतल्या खोलीत नेलं, कोरडं लुगडं दिलं, शेगडी पेटवली, ओव्याची धुरी केली. बाळंतीण आत, म्हणून मल्लाप्पाला स्वतःच्याच घरात सोप्याच्या कडेला पावसाचे शिंतोडे घेत बसावं लागलं. भिंत कुडाची. आतला शब्द न् शब्द बाहेर येत होता.

"मावशी, लई उपकार झालं," संयोगिता म्हणत होती. "ह्यांनी सांगितलं, बैल आजारी हाय म्हणून. न्हाईतर काका आलंच असतं की."

 भाताचं पातेलं ढवळणारा रत्नव्वाचा डाव थांबला. तो पुन्हा पातेल्याला लागेपर्यंत मल्लाप्पा कासऱ्याचा पीळ तसाच धरून बसला.

बाहेर टेंपोतली माणसं ओरडत होती, "हैसा". चाक गरगर फिरायचं आणि चिखल उडायचा. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला केरबा सोप्यापाशी आला. गेला तासभर तोही गाडीला खांदा लावत होता. दाढीत चिखल वाळला होता.

"मल्लाप्पा, गाडी कुठनं निघंल ते तुला ठावं हाय."

"मला काय ठावं?"

"दगूड तुझ्या उसात हाय."

"आन तुझ्या दोन सऱ्या?"

"माझ्यात चिकूल हाय. कापून उपेग असता तर..." केरबा थांबला. कापल्या असत्या असं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. "तू चाळीस पावलं काप. मी कुठं बोलणार न्हाय."

"तू न बोलून काय हुतंय? आज वाट मोकळी केली की उद्यापास्नं सगळं गाव त्यातनंच जाणार. गेलं म्हंजे गेलंच."

"जाऊ दे की. तुझं हुतं काय?" केरबा थुंकला आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "माझं तरी कुठं हुतं म्हणा."

केरबा गेला. मल्लाप्पा उठला, पण कोयता घ्यायला नाही. त्यानं हौश्या आणि पाखऱ्याला सोडलं, जू घेतलं, सोल म्हणजे ओढायचा जाड दोर खांद्यावर टाकला. बैलं जुपून गाडी ओढायचा प्रयत्न केला म्हणजे माणुसकीही होईल आणि ऊसही राहील, असा हिशेब. बैलांनी ती गाडी निघणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"अण्णा, खांदा?" जोतीरामनं विचारलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती.

"बघू की, एक डाव."

सोल ट्रॅक्सला बांधला. माणसं मागून रेटायला लागली. मल्लाप्पानं शेपट्या पिळल्या, शिव्या घातल्या, बैलांची पाठ कमानीसारखी झाली. गाडी वीतभर हलली आणि त्याहून खोल बसली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी त्यानं चाबूक काढला. वर्षातून एकदा, तोही हवेत काढायचा चाबूक त्यानं हौश्याच्या अंगावर दोनदा ओढला. हौश्यानं सगळा जीव लावला, पुढचे पाय मातीत गेले आणि तो गुडघ्यांवर आला. नाक चिखलात. त्याला उठवता येईना. जू सोडून चौघांनी शेपटी आणि शिंगं धरून उठवला, तेव्हा उजव्या गुडघ्याची सालटी निघून पांढरं दिसत होतं. बैल थरथरत उभा राहिला. मल्लाप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा खरोखरच सुजायला लागला होता.

"ऱ्हाऊ द्या अण्णा," जोतीराम म्हणाला. "आमच्यापायी बैल नगा घालवू. बसतो आमी पाणी उतरंस्तवर."

मल्लाप्पा बैल घेऊन घराकडं वळला तर रत्नव्वा समोरून येत होती. हातात कोयता.

"बैल मारून पुण्य घेताय व्हय?" ती म्हणाली.

"हळू बोल."

"त्या सऱ्यांत कांड्या मीच दाबल्यात. दगडानं टाचा फुटल्यात माझ्या. मला सांगू नगासा दगूड कुठं हाय त्यो."

"रत्नव्वा, म्या नंदीवर हात ठिवलाय."

"नंदीला काय सांगायचं ते तुमी सांगा. बाळंतिणीला मी काय सांगू?"

ती पुढं गेली आणि पहिल्या सरीत शिरली. पुरुषभर न वाढलेला खुजा ऊस, पण पाला धारदार. तिनं पदर खोचला आणि बुडात कोयता घातला. एक, दोन, तीन. ऊस आडवा पडत गेला. मल्लाप्पा बैल धरून उभा होता. बायको कापतेय आणि नवरा बघतोय, हे टेंपोतल्या माणसांनी पाहिलं, केरबानं पाहिलं. मग त्यानं बैलं केरबाच्या हातात दिली, घरातून दुसरा कोयता आणला आणि तोही वाकला.

चाळीस पावलं लांब आणि चार सऱ्या रुंद. पाणी मानेतून पाठीत उतरत होतं, पाल्यानं हात चिरत होते. टेंपोतली माणसं कापलेला ऊस ओढून चिखलात पसरत होती. जसजसं मोकळं होत गेलं तसतसे बुडातले दगड दिसू लागले, सारखे बसवलेले, हाताएवढे.

"अरे, खाली खडी हाय की हितं," टेंपोतला एकजण खुशीत ओरडला. "अण्णा, उसाच्या बुडाला खडी घालायची ही कुठली पद्धत?"

 केरबा बैलाच्या गुडघ्याला झाडपाला चोळण्यात गढून गेला.

दिवेलागणीच्या आत दोन्ही गाड्या निघाल्या. ट्रॅक्सचं एक चाक उसाच्या पाल्यावरून आत आलं, दगडाला लागलं आणि गाडी अशी सुटली की रेटणारे तोंडावर पडले. मागून टेंपो आला. त्या वाटेवर चाकांचा खडखडाट झाला, आणि तो पंधरा-वीस वर्षांनी होत होता हे आम्हा गावच्या माणसांना तेवढं कळलं. मीही तोवर तिथं पोचलो होतो.

संयोगिताला गाडीत बसवल्यावर जोतीराम मल्लाप्पासमोर आला.  "अण्णा, उभा ऊस कापलासा. कोण कुठली आमी," म्हणून तो वाकला आणि त्यानं मल्लाप्पाचे पाय धरले. मल्लाप्पानं पाय मागं घ्यायला हवे होते. दोन वाक्यं बोलायला हवी होती. तो म्हणाला, "असू दे, असू दे."

रत्नव्वा कोयता पुसत होती. तिच्या पाया कुणी पडलं नाही.

पाणी उतरलं. दुसऱ्या दिवसापासून गाव त्या मोकळ्या पट्टीतून जाऊ-येऊ लागलं. मल्लाप्पाला कुणी टोमणा मारला नाही, नंदीची आठवण दिली नाही. त्यानं त्याला बरं वाटायला हवं होतं. पण सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो इष्टलिंग तळहातावर घेऊन बसायचा आणि त्याची नजर लिंगावर ठरायची नाही, तळहातावर जायची. पूजा अर्ध्यात आवरून तो गोठ्यात जायचा. हौश्याच्या गुडघ्याला हळद-तेल लावत बसायचा. बैल पाय काढून घ्यायचा.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी, दूध संस्थेपुढं आमची रांग लागली होती. किटल्या हातात, पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. रत्नव्वा बायांत होती. मल्लाप्पा पेंडीची चौकशी करायला आला होता. तेवढ्यात तोच टेंपो येऊन थांबला. गल्लीतली दहा-बारा माणसं उतरली, नवे कपडे घातलेली, आणि त्यांच्या पुढं जोतीराम.

त्यानं संस्थेच्या सेक्रेटरीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. सेक्रेटरी हरखला. खुर्ची आली. मल्लाप्पा नको नको म्हणत असताना त्याला तिच्यावर बसवलं. गल्लीनं मिळून आणलेली शाल त्याच्या अंगावर पडली, हातात नारळ आला. मग जोतीरामनं पिशवीतून धोतराचं पान काढलं.

"हे इकत आणलेलं न्हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझ्या मागावर माझ्या हातानं काढलंय. ह्या माणसानं आजारी बैल जुपला. बैलाला जमंना म्हणल्यावर सोन्यासारखा ऊस कापला. आमच्या गल्लीत मी सगळ्यांस्नी सांगतो, त्या गावात जावा, माणसं बघायची असली तर. आन अण्णा, त्या दिशी पोराचं बारसं हुतं, गाडीतच गेलं. नाव तुमचंच ठेवणार हुतो. बायकू म्हणली, मल्लाप्पा म्हणलं तर शाळंत पोरं चिडवतील. म्हणून मल्हार ठेवलंय. पण घरात त्येला आमी मल्लाप्पाच म्हणतो."

इथवर मल्लाप्पा मान खाली घालून बसला होता. पोराचं नाव ऐकल्यावर तो उठून उभा राहिला. नारळ त्यानं खुर्चीवर ठेवला.

"जोतीराम, ऐक," तो म्हणाला.  "बैल आजारी नव्हता. म्या खोटं बोललो. आन ती जमीन माझी न्हाय, ती पाणंद हाय. म्या खाल्लेली. तुझी गाडी रुतली ती माझ्यामुळं रुतली. दगूड उसाखाली हाय हे मला पयल्यापास्नं ठावं हुतं. बायकूनं कोयता धरला म्हणून कापला. म्या न्हाय."

  माझ्या हातातली किटली मला एकदम जड वाटली. माझ्याही दीड सरी आत आहेत.

जोतीरामनं त्याच्याकडं पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"बघितलासा?" तो म्हणाला. "मोठी माणसं अशी असत्यात. चांगलं केल्यालं बी कबूल करत न्हाईत."

सेक्रेटरीनं आधी टाळी वाजवली. त्याचं रान पाणंदीच्या मधोमध आहे, तीन सऱ्या आत. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. मी वाजवली. केरबानं किटली जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या बराच वेळ चालल्या, कारण आधी कुणी थांबायचं ते कुणाला ठरवता येईना.

गल्लीतली माणसं चहा घेऊन, पाया पडून गेली. रांग पुन्हा सुरू झाली. शाल अंगावर तशीच घेऊन मल्लाप्पा बायांच्या बाजूला, रत्नव्वाजवळ गेला.

"म्या खरं सांगितलं," तो म्हणाला.

"ऐकलं की."

"कुणालाबी पटलं न्हाय."

"पटलं की," रत्नव्वा म्हणाली. "सगळ्यांस्नी पटलं. म्हणून तर वाजवल्या."

ती काही हळू बोलली नव्हती. रांगेत आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि आपापल्या किटल्या पुढं सरकवल्या.